कॉक्लिअर इम्प्लांटचा राष्ट्रीय कार्यक्रम: पैसा ऑपरेशनला जोडायचा की मुलाला?

मालवी_श्रवण (धागाकर्ती)

इंदूर, उज्जैन, निमाड या पट्ट्यात श्रवणदोषाचं काम करणारे बरेच जण इथे वाचतात, म्हणून हा विषय मांडते.

इम्प्लांट म्हणजे कानातल्या शंखात, कॉक्लिआत, ऑपरेशनने इलेक्ट्रोड बसवायचे आणि कानामागच्या प्रोसेसरने पकडलेला आवाज कॉइलवाटे आत पाठवायचा. त्यासाठी सरकारी पैसा आज वेगवेगळ्या वाटांनी येतो. केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या) योजनेत २०१४ च्या सुधारणेत इम्प्लांट आलं. मुंबईची अली यावर जंग संस्था नोडल (समन्वय करणारी), वर्षाला ५०० मुलं आणि तेव्हाची मर्यादा एका मुलामागे ६ लाख रुपये. आपल्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे. केरळ, तमिळनाडू, गुजरात यांच्या आपापल्या योजना आहेत. मुलं शोधण्याचं काम २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे, आणि त्याच्याही आधीपासून बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाकडे. म्हणजे शोधणारा एक, पैसे देणारा दुसरा, ऑपरेशन करणारा तिसरा आणि पुढची दहा वर्षं सांभाळणारा कुणीच नाही.

आकड्याचा अंदाज घ्या. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर जन्म होतात. त्यात हजारी एक मूल दोन्ही कानांनी तीव्र बहिरं धरलं तरी वर्षाला बावीस हजारांच्या वर मुलं होतात. सगळ्यांना इम्प्लांट लागणार नाही, काहींना श्रवणयंत्र पुरेल. तरी ५०० कुठे आणि हे कुठे.

माझा प्रस्ताव असा की निधी ‘प्रति ऑपरेशन’ न ठेवता ‘प्रति मूल, दहा वर्षं’ असा ठेवावा. त्या निधीत इम्प्लांटआधीची श्रवणयंत्रं आणि त्यांचे कानात बसणारे साचे, लसी, ऑपरेशन, मॅपिंग (मुलाला सोसेल-ऐकू येईल असे प्रोसेसरचे आवाज बसवणं), थेरपी (ऐकण्या-बोलण्याचा सराव), प्रवासखर्च, सुटे भाग आणि किमान एकदा नवा प्रोसेसर हे सगळं धरलेलं असावं. रुग्णालयाला सगळे पैसे ऑपरेशनच्या दिवशी मिळू नयेत. काही हिस्सा मूल एका वर्षानंतर यंत्र रोज किती तास घालतं हे बघून मिळावा. तो आकडा प्रोसेसरच्या डेटालॉगमध्ये आपोआप नोंदलेला असतो, कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबायची गरज नाही.

ज्याला जो टप्पा माहीत आहे त्याने त्यावर नेमकं लिहावं, म्हणजे या प्रस्तावाचा मसुदा करता येईल.

पाळणाघर_ते_बेरा

तपासणीपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त महिने तिथेच जातात.

जगभर १-३-६ असा नियम आहे: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र. आपल्याकडे बाळंतीण फार लवकर घरी जाते. पहिल्या चोवीस तासांत ओएई (कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी चाचणी) केली तर कानातल्या चिकट द्रवामुळे पुष्कळ बाळं नाहक ‘रेफर’ (नापास) होतात. मग आईला सांगितलं जातं, ‘पंधरा दिवसांनी या’, आणि ती येत नाही. त्यापेक्षा दुसरी चाचणी सहाव्या आठवड्याच्या लसीला बांधून टाकावी. पेंटा, रोटा, पीसीव्ही (न्यूमोकॉकल लस) घ्यायला बाळ येणारच आहे. लसीकरणाच्या कार्डावरच ‘उजवा कान – डावा कान’ असे दोन चौकोन छापा. एएनएमला (आरोग्यसेविकेला) वेगळी वही नको.

एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाला नुसती ओएई चालत नाही. कावीळ फार वाढलेली किंवा जन्मतः श्वास कोंडलेला असेल तर ऑडिटरी न्यूरोपथी असू शकते. त्यात कानाच्या आतल्या बाह्य केसपेशी ठीक असतात, म्हणून ओएई पास होते, पण नसेतून संदेश नीट जात नाही. अशा बाळांना स्वयंचलित बेराच (आवाजाला नसेचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) हवी.

निदानाच्या पायरीवर नेहमी होणाऱ्या दोन चुका. सहा महिन्यांखालच्या बाळाची टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) २२६ हर्ट्झवर केली तर पडद्यामागे पाणी असूनही आलेख सामान्य दिसतो. तिथे १००० हर्ट्झचा टोन लागतो. आणि ‘बेरा ९० डेसिबलला नाही आली म्हणजे शून्य ऐकू येतं’ हा निष्कर्ष चुकीचा. क्लिक बेरा मुख्यतः वरच्या स्वरांचं सांगते. टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर चाचणीने खालचे स्वर तपासल्याशिवाय यंत्रही नीट लावता येत नाही.

फाइलवाला

निदान झाल्यावर महिने जातात ते कागदांत. समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंब-नोंदणी क्रमांक), आधार, उत्पन्नाचा दाखला, मूळ निवासी, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र), तपासण्यांचे अहवाल. समग्रमध्ये एक स्पेलिंग आणि आधारमध्ये दुसरं असलं की फाइल परत. बाळाचं आधार काढलेलं नसेल तर त्यातच महिना.

वयाच्या अटीचा घोळ मोठा आहे. जन्मजात बहिऱ्या मुलासाठी बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची रेषा आहे. मूल साडेचारचं असताना अर्ज जातो आणि मंजुरीपर्यंत पाच उलटतात. मसुद्यात स्पष्ट लिहावं की वय अर्ज दाखल झाल्याच्या तारखेचं धरलं जाईल, आणि अर्जापासून ऑपरेशनपर्यंत ९० दिवसांची मर्यादा असेल. मर्यादा उलटली तर फाइल आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावी.

शब्दवेल

फाइलवाला काका, अर्जाच्या तारखेचं मान्य, पण त्याचा अर्थ ‘साडेचारला आलं तरी चालतं’ असा लोक काढतील याची भीती वाटते. मेंदूतला ऐकण्याचा भाग साधारण साडेतीन वर्षांपर्यंत सहज घडतो. सातच्या पुढे, आधी काहीच ऐकलेलं नसेल तर, इम्प्लांट लावूनही बोलणं उमगणं फार अवघड जातं. चार वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना ऑपरेशनआधी बसवून हे सांगायलाच हवं. ‘ऑपरेशन झालं की बोलेल’ असं कुणी सांगितलं असेल तर ते खोडून काढायला हवं. दीड वर्षाच्या मुलाकडून जी अपेक्षा ठेवायची ती याच्याकडून ठेवली की पहिल्या वर्षाअखेर घरात निराशा येते, आणि मशीन कपाटात जातं.

श्रवणयंत्राच्या चाचणीकाळाबद्दलही एक लिहू द्या. तीन महिने यंत्र लावून बघा, फायदा नाही झाला तर इम्प्लांट, असा प्रघात आहे. पण त्या तीन महिन्यांत साचा सैल पडून यंत्र शिट्टी मारत असेल, आवाज कमी ठेवलेला असेल आणि मूल दिवसातून तासभरच घालत असेल, तर ती चाचणी झालीच नाही. बाळाचा कान वाढतो, साचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा लागतो. तो खर्च आज आईवडिलांच्या खिशातून जातो.

कर्णशल्य

ऑपरेशनचा भाग. लोकांना वाटतं अडचण इथे आहे, प्रत्यक्षात हा सगळ्यात पक्का बसलेला टप्पा आहे. तरी मसुद्यात काय हवं ते लिहितो.

आधी एचआरसीटी (कानाच्या हाडाचा बारीक सीटी स्कॅन) आणि एमआरआय, दोन्ही. सीटीत हाडाची रचना दिसते, पण ऐकण्याची नस आहे की नाही हे एमआरआयच सांगतो. नस नसेल किंवा कॉक्लिआच तयार झालेला नसेल तर इम्प्लांट लावून उपयोग नाही. फक्त सीटीवर मंजुरी देऊ नये.

मेंदुज्वरानंतर बहिरं झालेलं मूल रांगेत उभं करू नका. काही आठवड्यांतच कॉक्लिआत हाड भरायला लागतं, आणि नंतर इलेक्ट्रोड आतच जात नाही. या मुलांसाठी वेगळी तातडीची खिडकी हवी आणि शक्य असेल तर दोन्ही कानांना परवानगी. चाचणीकाळाची अट इथे लावूच नये.

लसी: इम्प्लांट असलेल्या मुलांना न्यूमोकॉकल मेंदुज्वराचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. २००३ साली अमेरिकेतल्या अभ्यासात तो ३० पटींहून अधिक आढळला होता, त्यात एका विशिष्ट रचनेच्या इम्प्लांटचा वाटा मोठा होता. आता पीसीव्ही सरकारी वेळापत्रकात आहे: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. पण दोन वर्षांनंतरची २३ प्रकारांची लस त्यात नाही, ती विकत घ्यावी लागते. ती पॅकेजमध्ये धरा. लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हावी, आणि शेवटची पीसीव्ही व २३ ची लस यांत आठ आठवडे अंतर.

टेबलावर: कानामागचं हाड कोरून चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधल्या फटीतून राउंड विंडोपर्यंत (कॉक्लिआच्या खिडकीपर्यंत) जायचं. इलेक्ट्रोड हळू घालायचा, जोर लावायचा नाही. कॉक्लिआची रचना जन्मतः बिघडलेली असेल तर उघडताच पाणी उसळतं. तिथे स्नायूचा तुकडा भरून घट्ट बंद करावं लागतं, नाहीतर तिथून मेंदुज्वराची वाट उघडी राहते. टाके घालण्याआधी इंपिडन्स (इलेक्ट्रोडचा विद्युतरोध) आणि नसेचा प्रतिसाद मोजायचा, आणि एक्स-रे काढायचा. इलेक्ट्रोडचं टोक आत दुमडलेलं असलं तर त्या मोजणीत (टेलिमेट्रीत) ते नेहमी कळतंच असं नाही, एक्स-रेमध्ये दिसतं. ही तिन्ही कागदपत्रं जोडल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

निमाडकर

डॉक्टरसाहेब, इम्प्लांट लावल्यानंतर दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनच्या वेळी काय सांगायचं तेही लिहा. अलीराजपूर, बडवानीकडे नंतर मुलाला काही झालं तर जिल्ह्याच्या डॉक्टरला माहिती नसते.

कर्णशल्य

बरोबर. मुलाच्या गळ्यात किंवा आईच्या पाकिटात कार्ड हवं: इम्प्लांटचं मॉडेल, सिरियल नंबर, कोणता कान. त्यावर हिंदीत तीन ओळी. डोक्या-मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवण्याचं साधन) वापरू नये, बायपोलर चालते. एमआरआय करण्याआधी मॉडेल बघून कंपनीच्या सूचना वाचाव्यात, कारण आत चुंबक आहे. त्या कानातून पाणी आलं किंवा मुलाला ताप आला तर थांबू नये, त्याच दिवशी तपासावं.

मालवी_श्रवण

मॅपिंगचं मी लिहिते.

जखम भरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी स्विच ऑन, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करणं. त्या दिवशी मूल हसलं पाहिजे असं काही नाही. रडलं, दचकलं किंवा काहीच केलं नाही, तरी चालतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी आणि पुढे स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी. दर वेळी प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी सगळ्यात हलका ऐकू येणारा आवाज आणि सहन होणारा मोठा आवाज बसवायचा. लहान मूल सांगू शकत नाही, म्हणून नसेचा प्रतिसाद आणि स्टेपिडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आवळणं) यांचा आधार घ्यायचा. पण नुसत्या मशीनच्या आकड्यावर मॅप सोडून देऊ नये. नसेचा प्रतिसाद ज्या पातळीला मिळतो ती पातळी काही मुलांना फारच मोठी पडते. मूल डोळे मिचकावतं, गाल फडफडतो, तेव्हा त्या इलेक्ट्रोडमुळे चेहऱ्याची नस चाळवते आहे. तो कमी करा किंवा बंद करा. मोठा आवाज एकदा चटका देऊन गेला की मूल कॉइल काढून फेकतं आणि घरचे समजतात हट्टी आहे.

आता अडचण अंतराची. अलीराजपूरहून इंदूरला एका मॅपिंगसाठी यायचं म्हणजे बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर येणं थांबतं. दूरस्थ मॅपिंग शक्य आहे. जिल्ह्याच्या डीईआयसीत (मुलांच्या लवकर तपासणी-उपचार केंद्रात) लॅपटॉप, कंपनीचं सॉफ्टवेअर, त्या कंपनीची केबल आणि पॉड (प्रोसेसर संगणकाला जोडणारं उपकरण), बरं इंटरनेट, आणि मुलाकडे बघायला एक प्रशिक्षित माणूस. इंदूरचा ऑडिओलॉजिस्ट पडद्यावरून मॅप करतो. पहिली दोन-तीन मॅपिंग समोरासमोर व्हावीत, पुढची अशी चालतात.

सुटे_भाग

वैद्यकीय उपकरणांची खरेदी आणि दुरुस्ती हे माझं क्षेत्र. इथे सगळा कार्यक्रम कोसळतो, म्हणून सविस्तर.

निविदा दरवर्षी वेगळ्या कंपनीला गेली की एका केंद्रात तीन-चार कंपन्यांची मुलं जमतात. एकाच्या आत २२ इलेक्ट्रोड, दुसऱ्याच्या १६, तिसऱ्याच्या १२. कॉइल, केबल, सॉफ्टवेअर, पॉड काहीच एकमेकांना लागत नाही. सगळ्यात स्वस्त बोली म्हणजे फक्त यंत्राची किंमत बघतात. मग कंपनी यंत्र स्वस्त देते आणि केबल महाग विकते.

उपाय: बोलीतच दहा वर्षांच्या सुट्या भागांची किंमत मागायची. कॉइल, केबल, मायक्रोफोनचं झाकण, चुंबक, रिचार्जेबल बॅटरी, चार्जर, ड्राय बॉक्स, प्रत्येकाची दहा वर्षांची कमाल किंमत लिहून घ्यायची आणि यंत्र अधिक सुटे भाग अशा एकूण खर्चावर बोली ठरवायची. दर तीन-चार वर्षांसाठी दोन कंपन्यांचा दरकरार. आतल्या यंत्राला दहा वर्षांची हमी. प्रोसेसरचं मॉडेल कंपनीने बंद केलं तर त्याच आतल्या यंत्राला चालणारा नवा प्रोसेसर ठरलेल्या किमतीत देण्याची लेखी अट. केरळात श्रुतितरंगम या इम्प्लांट योजनेच्या मुलांना हाच त्रास झाला: आतलं यंत्र ठणठणीत, पण बाहेरच्या जुन्या प्रोसेसरचे भाग मिळेनात.

सगळ्यात आधी जाते ती केबल. लहान मूल ओढतं, वळणाच्या जागी आतली तार तुटते, आवाज येतो-जातो. शिक्षिका म्हणते लक्ष देत नाही. प्रत्येक केंद्रात प्रत्येक मॉडेलच्या किमान दोन जास्तीच्या केबल, एक कॉइल आणि एक उसना प्रोसेसर असलाच पाहिजे. मुलाचा मॅप केंद्राच्या संगणकावर असतो, तो उसन्यात टाकून त्याच दिवशी मूल घरी जातं. दुरुस्तीला गेलेलं यंत्र तीन आठवडे येत नाही, आणि तेवढे दिवस मूल काहीच ऐकत नाही, हे थांबवता येतं.

बॅटरी: इम्प्लांटसाठीच्या ६७५ वेगळ्या येतात. साध्या श्रवणयंत्राच्या ६७५ स्वस्त मिळतात म्हणून घातल्या तर त्या पुरेसा विद्युतप्रवाह देऊ शकत नाहीत, यंत्र मध्येच बंद पडतं. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग घाला.

खाली_राजवाडा

पावसाळ्यात आणि सणांत काय काळजी घ्यायची ते कुणी सांगाल का? आमच्या ओळखीच्यांना केंद्रातून फक्त इंग्रजी पुस्तिका मिळाली आहे.

सुटे_भाग

रोज रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये, बॅटरी बाहेर काढून. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून वाळवा किंवा नवे घाला. मायक्रोफोनचं झाकण घाम-धुळीने भरलं की आधी ‘स’, ‘श’ सारखे बारीक आवाज जातात. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ते बदला, आणि उशीर नको.

रंगपंचमीच्या गेरीत (रंगाच्या मिरवणुकीत) प्रोसेसर घालू नका. टँकरचं रंगीत पाणी आत गेलं तर हमीतही बहुतेक वेळा बसत नाही. मूल त्या वेळी ऐकत नसणार, म्हणून कुणीतरी हात धरून राहावं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत (चित्ररथांच्या मिरवणुकीत) यंत्र चालतं, पण ढोल आणि डीजेच्या अगदी जवळ उभं करू नका. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, जुन्या प्रोसेसरचा मॅप त्याने बिघडू शकतो, तेव्हा खेळण्याआधी काढलेलं बरं.

शब्दवेल

रोज सकाळी यंत्र लावल्यावर सहा आवाजांची चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. तोंड झाकून, हातभर अंतरावरून, मग थोडं लांबून. मूल प्रत्येकाला हात वर करतं किंवा मणी टाकतं. काल ‘स’ ऐकलं आणि आज नाही, तर यंत्र बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि केबल-मायक्रोफोनचे बहुतेक दोष त्यातच कळतात. आशाताई आणि अंगणवाडीताईंनाही हे शिकवता येतं.

थेरपीची भाषा हा मुद्दा कुठल्याच योजनेत लिहिलेला दिसत नाही. इंदुरात मराठी घरातल्या मुलाच्या आईला सांगतात, ‘घर पर भी हिंदी में बात करो’. आजी मराठीत बोलते, आईचं हिंदी ओढूनताणून, मग मुलाशी बोलणंच कमी होतं. आधी घरात जी भाषा मोकळेपणाने, दिवसभर बोलली जाते ती मुलाला द्या. हिंदी शाळेच्या अंगणात येईल. बारेली, भिली, निमाडी घरांचं तर फार अवघड. थेरपिस्टला ती भाषा येत नाही, आणि सगळी चित्रं-शब्दयाद्या हिंदीत. जिल्ह्यातल्याच बारावी झालेल्या मुलींना एक वर्षाचा डीएचएलएस (श्रवण, भाषा आणि वाचा) डिप्लोमा सरकारी खर्चाने करू द्या, अट एवढीच की त्यांनी आपल्या जिल्ह्यात तीन वर्षं काम करावं. थेरपिस्टने आठवड्यात दोन तास मुलाला शिकवण्यापेक्षा तेवढ्या वेळात आईला शिकवलं तर त्याचा उपयोग रोज होतो: स्वयंपाक करताना, अंघोळ घालताना, बाजारात.

खुणांची_भाषा

सगळं वाचलं, पटलंही. पण या मसुद्यात भारतीय सांकेतिक भाषा नाही, आणि ती नसेल तर कार्यक्रम अर्धा राहील.

तपासणीत सापडलेल्या प्रत्येकाला इम्प्लांट होणार नाही. ज्याची नस नाही, जो आठव्या वर्षी सापडला, ज्याचे आईवडील नको म्हणतात, त्याचं काय? आणि ज्याचं होणार आहे त्याच्याही निदानापासून स्विच ऑनपर्यंत वर्ष जातं. त्या वर्षात मुलाला कुठलीच भाषा नाही. ‘हातवारे बंद करा, नाहीतर बोलणार नाही’ असं आईला सांगणं मुलावर अन्याय आहे. दिल्लीला २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे, इंदुरात मूकबधिरांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. निदान झालं की त्याच आठवड्यात घरातल्यांचा खुणांचा वर्ग सुरू व्हावा, त्याचे पैसे याच निधीतून.

शब्दवेल

ताई, माझ्या थेरपीच्या तासात मी ऐकण्यावर भर देते, तेव्हा खुणा बाजूला ठेवते. तो सरावाचा भाग आहे. घरात खुणा बंद करा असं सांगणं मलाही मान्य नाही. प्रोसेसर रात्री काढल्यावर, पोहताना, बॅटरी संपल्यावर मूल बहिरंच असतं, तेव्हा बोलायचं कसं? फक्त एक आग्रह: यंत्र घातलेलं असताना खुणेबरोबर आवाजही हवा.

खुणांची_भाषा

हे चालेल. मसुद्यात ‘दोन्ही’ असं स्पष्ट लिहा, ‘आवश्यकतेनुसार’ नको. ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलं की ते कधीच होत नाही.

फाइलवाला

मोठ्यांचं कुणी बोललं नाही. भाषा येऊन गेल्यावर बहिरे झालेले तिशी-चाळिशीतले लोक, मेंदुज्वर किंवा टीबीची जुनी इंजेक्शनं घेतलेले. एडिपमध्ये त्यांना इम्प्लांट नाही.

मालवी_श्रवण

हो, आणि त्यांचा निकाल सहसा लवकर येतो, कारण मेंदूला बोलणं माहीत असतं. थेरपीही कमी लागते. मुलांचा निधी कमी न करता त्यांच्यासाठी वेगळा छोटा कोटा लिहिते: दोन्ही कानांनी अचानक बहिरे झालेले, श्रवणयंत्राचा फायदा नसलेले, बहिरेपणाला पाच वर्षांहून कमी काळ झालेले यांना आधी.

निमाडकर

देशी इम्प्लांटचं काय झालं? डीआरडीओने विशाखापट्टणमला केलं होतं ना?

सुटे_भाग

तिथल्या नौदल प्रयोगशाळेने विकसित केलं, कलामसाहेबांचा त्यामागे आग्रह होता. पण रुग्णालयांत सर्रास लावता येईल असं उत्पादन बाजारात आलेलं नाही. अवघड भाग आवाजावरची प्रक्रिया नाही. शरीरातल्या खाऱ्या द्रवात अनेक दशकं ओलावा आत जाऊ न देणारं आवरण आणि त्यातून एकेक तार बाहेर काढणं, हे अवघड आहे. अनुभवी परदेशी कंपन्यांनाही २०११ आणि २०२० मध्ये याच प्रकारच्या दोषामुळे यंत्रं परत मागवावी लागली होती. चीनने स्वतःचं यंत्र बाजारात आणलं, आपणही आणावं. पण कार्यक्रमाने त्याची वाट पाहत थांबू नये.

त्या दोन प्रसंगांवरून एक कलम नक्की घाला: राष्ट्रीय नोंदवही. प्रत्येक मुलाचं निदानाचं वय, श्रवणयंत्र लागलेली तारीख, ऑपरेशन, सिरियल नंबर, इलेक्ट्रोड पूर्ण गेला की अर्धवट, रोजचे वापराचे तास, वर्षातून एकदा श्रवण आणि बोलण्याची श्रेणी, यंत्र बिघडलं तर कधी आणि का. उद्या एखादी बॅच परत मागवली तर आपल्या देशात ती कोणाकोणाच्या कानात आहे हे एका दिवसात कळलं पाहिजे.

मालवी_श्रवण

नोंदवहीत ‘घरची भाषा’ हा रकानाही घालते, शब्दवेलताई. मसुदा आठ पानांचा होईल असं दिसतंय. प्रवासखर्चाचा दर प्रति खेप किती धरायचा यावर अजून कुणी बोललेलं नाही. निमाडकर, बडवानी आणि अलीराजपूरचं बसभाडं, आई-बाप दोघं आणि मूल, एक रात्र मुक्काम, असं धरून आकडा काढून द्याल का? तो लागला की दहा वर्षांचं एकूण गणित पूर्ण करता येईल.

निमाडकर

देतो. बुडालेली मजुरी धरू की नको?

मालवी_श्रवण

धरा. एका माणसाची, दोन दिवसांची.